दिवाणखान्यातून नाक्यावर आलेले 'सलून'

नाक्यावरच्या दुकानाच्या पाटीवर 'सलून' असते, तर मॉलमधील चकचकीत दुकानावर 'सलॉन'. उच्चार बदलला की दरही बदलतो. शब्द मात्र मुळात एकच आणि त्याचा केसांशी काहीही संबंध नव्हता.

इटालियन भाषेत 'साला' म्हणजे दालन. त्याला मोठेपणा दर्शविणारा प्रत्यय लागून 'सालोने', अर्थात प्रशस्त दालन, हा शब्द झाला. 'साला'चे मूळ जर्मानिक भाषांत आहे. आजच्या जर्मनमधील 'झाल' हा त्याचाच भाऊबंद. इटालियनमधून हा शब्द फ्रेंचमध्ये गेला व 'सालों' झाला.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मार्क्विज द रांबुये या सरदारपत्नीच्या घरी लेखक आणि दरबारी मंडळी जमत. पुढे अशा बैठकांनाच 'सालों' म्हटले जाऊ लागले. १७२५ पासून शाही कला अकादमीची प्रदर्शने लूव्र राजवाड्यातील 'सालों कारे' या दालनात भरू लागली आणि प्रदर्शनालाही तेच नाव पडले. तेथे कोणाला प्रवेश द्यायचा, हे परीक्षक ठरवीत. १८६३ मध्ये त्यांनी हजारो कलाकृती नाकारल्या, तेव्हा तक्रारींची दखल घेऊन सम्राट तिसऱ्या नेपोलियनने 'नाकारलेल्यांचे सालों' भरविण्यास परवानगी दिली. एदुआर माने यांचे 'हिरवळीवरील न्याहारी' हे गाजलेले चित्र तेथेच झळकले.

इंग्रजीत या शब्दाचे 'सलून' असेही रूप झाले. जहाजावरील बैठकीचे दालन, रेल्वेचा खास डबा, अमेरिकेतील मद्यालय असे अर्थ त्याला चिकटले. केशकर्तनालयाच्या पाटीवरही तो आला आणि मराठीत हाच अर्थ रुजला. 'सलॉन' हे फ्रेंच वळणाचे रूप सौंदर्यप्रसाधनाच्या व्यवसायाबरोबर नंतर आले.

प्रवेशाचा प्रश्न मात्र आपल्याकडेही होताच. साताऱ्यात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती. तरीही अस्पृश्य म्हणून आपले केस कोणी कापत नसे आणि ते काम थोरली बहीण घरीच करी, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. पुढे १९४८ मध्ये संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ सांगण्याची वेळ त्यांच्यावरच आली. सेवा मागण्यास येणाऱ्या कोणालाही ती देण्यास मालक तयार असतो ते ठिकाण म्हणजे दुकान, असे त्यांनी स्पष्ट केले. या व्याख्येत सलूनही आपोआप सामावते. १९५० मध्ये संविधान लागू झाले आणि धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून दुकानात प्रवेश नाकारण्यास पंधराव्या अनुच्छेदाने मनाई केली.

पॅरिसच्या सालोंमध्ये जाण्यासाठी निमंत्रण किंवा परीक्षकांची पसंती लागे. नाक्यावरच्या सलूनमध्ये कायद्याने फक्त आपला नंबर येण्याची वाट पाहावी लागते. 'प्रशस्त दालन' हा मूळ अर्थ या छोट्याशा दुकानालाच अधिक शोभून दिसतो.