उणे १९६ अंशांवरचा वळू

गोठीत रेतमात्रा म्हणजे पाव मिलिलिटरची, काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाडीची प्लास्टिकची कांडी. तिच्यात साधारण २ कोटी शुक्राणू असतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, ते वर्षानुवर्षे टिकतात. वळू मरून गेल्यावरही त्याचे वासरू जन्माला येऊ शकते. लातूर जिल्ह्यातली देवणी आणि नांदेडच्या कंधार, मुखेड, लोहा भागातली लाल कंधारी या गोवंशांसाठी ही सोय फार मोलाची आहे. माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी हंडरगुळीच्या बाजारात जातिवंत जनावर आजही पाहायला मिळते. पण ट्रॅक्टर आला, दुष्काळांनी दावणी रिकाम्या केल्या आणि गावाने पोसलेला वळू विरळा झाला. अशा वेळी एक कांडी वाया जाणे हे मोठे नुकसान असते.

गोठवताना पेशीचा मोठा वैरी म्हणजे बर्फ. पाणी आधी पेशीबाहेर गोठते. उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि ते पेशीतले पाणी बाहेर ओढून घेतात. गारवा फार सावकाश दिला तर पेशी सुकून क्षारांनी होरपळते. फार घाईने दिला तर आतच बर्फाचे स्फटिक होऊन आवरण फाटते. यावरचा तोडगा १९४९ साली लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चुकूनच सापडला. साखरेचे द्रावण समजून वापरलेल्या बाटलीत ग्लिसरॉल निघाले आणि कोंबड्याचे शुक्राणू गोठूनही जिवंत राहिले. ग्लिसरॉल पेशीत शिरते, पाण्याला धरून ठेवते आणि क्षारांची दाटी कमी करते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या हर्सूलची प्रयोगशाळा असो की उरुळीकांचनची बायफ ही संस्था, वळूच्या वीर्याला आजही ग्लिसरॉलचाच आधार असतो. जोडीला बहुधा अंड्याचा बलक घालतात. गोठण्याआधीच, १५ ते ५ अंशांच्या दरम्यान, थंडीच्या धक्क्याने शुक्राणूचे आवरण चिरते. बलकातली स्निग्ध द्रव्ये ते सांभाळतात.

स्त्रीबीज आणि भ्रूण गोठवणे याहून अवघड. स्त्रीबीज आकाराने मोठे, पाण्याने भरलेले. त्यातली गुणसूत्रे धरून ठेवणारी नाजूक तंतुरचना गारव्याने विस्कटते. म्हणून आता संरक्षक द्रव्यांचे प्रमाण खूप वाढवून, दर मिनिटाला हजारो अंशांच्या वेगाने ते थंड करतात. बर्फ व्हायला अवधीच मिळत नाही, सगळे काचेसारखे घट्ट होते. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ५३ दिवस गोठवून ठेवलेल्या मानवी भ्रूणापासून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी ‘दुर्गा’ ही मुलगी जन्मल्याचे जाहीर केले, तेव्हा हे तंत्र हाताशी नव्हते. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवले. मानवी बीज आणि भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवण्याची मुभा २०२१ च्या कायद्याने दिली आहे.

प्रयोगशाळेत एवढे जपलेली कांडी बिघडते ती बहुतेकदा पुढच्या प्रवासात. नायट्रोजनचे भांडे थर्मासच्या धर्तीचे, दुहेरी भिंतीचे. पण नायट्रोजन रोज थोडा उडतोच. पातळी पाहायला लाकडी पट्टी बुडवून बाहेर काढतात आणि हवेत हलवतात. जिथवर पांढरे हिव धरते तिथवर नायट्रोजन. भांड्यात खाली उणे १९६ अंश आणि बाहेर नांदेडचे मे महिन्यातले ४२-४३ अंश, यांमध्ये जेमतेम एक वीतभर मान. हवी ती कांडी शोधताना कांड्यांची डबी मानेच्या वर आली की काही क्षणांत कांड्या तापू लागतात. साधारण उणे १३० अंशांच्या वर बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि आवरणे फोडतात. कांडी पुन्हा बुडवली तरी हे नुकसान भरून येत नाही, प्रत्येक खेपेला त्यात भर पडते. म्हणून डबी मानेच्या खालीच धरायची, कांडी चिमट्याने उचलायची, आणि सापडली नाही तर डबी लगेच बुडवून मग पुन्हा शोधायचे.

वितळवताना मात्र घाई हवी: ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. सावकाश वितळली तर स्फटिक वाढायला वेळ मिळतो. त्यामुळे खिशात किंवा तळहातावर कांडी वितळवण्याची सवय घातक आहे. बाहेर काढल्यावर ती कोरडी पुसावी लागते, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. पुढे गाय भरवण्याचे काम काही मिनिटांत उरकायचे, तेही सावलीत.

वितळल्यावर निम्मे तरी शुक्राणू हलते असावेत, हा देशातल्या प्रयोगशाळांचा दंडक. ही तपासणी कांडी बाहेर पडण्यापूर्वी होते. गोठ्यात सूक्ष्मदर्शक नसतो आणि मेलेली कांडी जिवंत कांडीसारखीच दिसते. साधारण २१ दिवसांनी गाय उलटते, पुन्हा माजावर येते, आणि दोष गायीच्या माथी बसतो. एकाच भांड्यातून भरवलेल्या बऱ्याच गायी उलटत असतील, तर गायींच्या आधी ते भांडे तपासायला हवे: नायट्रोजन कधी भरला, मध्ये पातळी किती खाली गेली, आणि मानेवर बाहेरून दव किंवा हिव धरते का. तसे धरत असेल तर भांड्याच्या भिंतींमधली निर्वात पोकळी गेलेली असते आणि आतल्या कांड्यांचा भरवसा उरलेला नसतो.