गाणे गाजले, पण कोणाचे? ध्वनिफितीच्या काळाविषयी थोडेसे

एखादे गाणे लोकप्रिय झाले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय झालेले असते? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मुंबईकरांना याचे उत्तर मोजून देणारी एक सोय होती. रेडिओ सिलोनवरून १९५२ पासून अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करीत. ध्वनिमुद्रिकांचा खप आणि गावोगावच्या श्रोता-संघांची पत्रे पाहून गाण्यांचा अनुक्रम लावला जाई, आणि दर बुधवारी रात्री अर्धा देश तो कान देऊन ऐके. परंतु त्या पायऱ्या हिंदी चित्रपटगीतांच्या होत्या. मराठी गाण्याला तेथे पाय ठेवायला जागा नव्हती. मग १९८५ च्या सुमारास आमच्या घाटनांदुरात कोणते मराठी गाणे गाजते आहे, हे कळावे कसे? ते कळे लग्नाच्या मांडवातील कर्ण्यावरून, बाजारच्या दिवशी चहाच्या दुकानात वाजणाऱ्या टेपवरून, आणि सर्वांत खात्रीने, एकादशीच्या भजनात एखादी ओळखीची चाल नव्या शब्दांनिशी शिरली म्हणजे. ही मोजदाद कोणी कागदावर केली नाही, तरी ती खोटी नव्हती.

त्या चार-पाच वर्षांत गाण्याच्या जगात जी उलथापालथ झाली, तिचे कारण लोक गायकांच्या आवाजात शोधतात. आमच्या मते ते आधी गाणे वाहून आणणाऱ्या वस्तूत शोधले पाहिजे. ती वस्तू म्हणजे ध्वनिफीत, लोकांच्या तोंडची ‘कॅसेट’.

ही वस्तू हॉलंडातील फिलिप्स कंपनीने १९६३ साली प्रथम लोकांपुढे आणली. आत असते ती प्लॅस्टिकची पातळ पट्टी, रुंदीला चार मिलिमीटरांहूनही थोडी कमी. तिच्या एका अंगावर लोखंडाच्या गंजाची, म्हणजे लोह-ऑक्साइडची, बारीक भुकटी चिकटवलेली असते. यंत्रातील चुंबकी डोक्यासमोरून ही पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या गतीने सरकते. आवाजाचे विजेत रूपांतर होऊन ती वीज त्या डोक्यातून वाहते, आणि भुकटीचे कण तिच्या चढउताराप्रमाणे कमीअधिक चुंबकित होतात. पट्टी पुन्हा त्याच गतीने सरकवली की उलटी क्रिया घडून आवाज परत मिळतो. साठ मिनिटांच्या कॅसेटीत अशी सुमारे ८६ मीटर पट्टी गुंडाळलेली असते. घाटनांदूरच्या फलाटावर ती उलगडली, तर आगगाडीचे जेमतेम चार डबे झाकील; आणि तेवढ्यात सोळा-सतरा गाणी सुखाने मावतात.

आता याच्या शेजारी जुनी तबकडी ठेवून पाहा. तबकडी काढावयाची तर आधी मूळ साचा, त्यावरून धातूचे ठसे, मग दाबयंत्र, असा सारा कारखाना लागे. हिंदुस्थानात हे काम अनेक दशके मुख्यतः एकाच कंपनीच्या हाती राहिले. ती म्हणजे कलकत्त्याजवळ डमडमला कारखाना असलेली ग्रामोफोन कंपनी, जिला आपण कुत्र्याच्या चित्रावरून ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ म्हणून ओळखतो. ज्याचा कारखाना, त्याची निवड. कोणाचा आवाज मुद्रित करावा हे मूठभर माणसे ठरवीत. त्या निवडीतून उत्तमोत्तम भावगीते आणि नाट्यपदे आपल्याला मिळाली, याबद्दल कंपनीचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु जो दरवाजा एकाच्याच हाती असतो, त्याच्याबाहेर पुष्कळ माणसे उभी राहतात. शिवाय जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. गाणे कसे असावे हे मग गवयाने नव्हे, लाखेच्या त्या चकतीने ठरवले. पुढे मोठ्या तबकड्या आल्या, तरी तीन-चार मिनिटांची सवय सुटली नाही.

कॅसेटीला असला कारखाना नको. एक खोली, प्रती काढणारी दोन-चार यंत्रे आणि कोऱ्या फितींचा साठा, एवढ्यावर माणूस प्रकाशक होऊ शके. दिल्लीच्या दर्यागंज भागात फळांच्या रसाचे दुकान असलेल्या कुटुंबातील गुलशन कुमार यांनी हे नेमके हेरले, आणि १९८३ मध्ये उभी राहिलेली त्यांची ‘टी-सीरीज’ थोड्याच वर्षांत देशभर पसरली. कमी किंमत, किराण्याच्या दुकानापर्यंत माल आणि प्रादेशिक भाषांतील गाणी, ही त्यांची त्रिसूत्री. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली उत्तर हिंदुस्थानातील या घडामोडीवर एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. गझल, भजन आणि बोलीभाषांतील लोकगीते यांना या वस्तूमुळे बाजार कसा मिळाला, हे त्यात सविस्तर आले आहे.

यात चोरीचाही मोठा वाटा होता, हे झाकण्यात अर्थ नाही. ‘कॅसेट भरून मिळेल’ अशी पाटी तालुक्याच्या गावी सर्रास दिसे. कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यावी आणि संध्याकाळी भरलेली कॅसेट घेऊन यावी, हा व्यवहार कोणालाच गैर वाटत नसे. जुने पुसून नवे भरता येई. ते होऊ नये म्हणून कॅसेटीच्या पाठीवर जी प्लॅस्टिकची छोटी टिकली मोडलेली असे, त्या खाचेवर कागदाचा बोळा दडपून लोक मोकळे होत. या लुटीत गायक आणि कंपन्या दोघेही बुडाले. पण ज्या गावात तबकडी कधी आलीच नव्हती, तेथे गाणे पोचले तेही याच आडवाटेने.

तर या नव्या दारातून आत कोण आले? चित्रपटाची गाणी आलीच. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ १९८४ चा, ‘धूमधडाका’ १९८५ चा. त्यांतील गाणी तरुण मंडळींच्या तोंडी होती. पण चित्रपटाला चित्रपटगृह असते. त्याची काळजी आपण वाहण्याचे कारण नाही. खरी नवलाई होती ती प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांची. मंगळवेढ्याचा हा गायक १९३३ साली जन्मला आणि २००४ साली गेला. कव्वालीच्या मुकाबल्यांत तयार झालेला, उंच पट्टीत न फाटणारा गळा. त्यांच्या तबकड्या पूर्वीपासून होत्या, पण कॅसेटीने तो गळा पंढरीच्या वाटेवरच्या प्रत्येक दुकानात नेऊन बसवला. विठ्ठलाची गाणी त्यांची, भीमगीते त्यांची, कव्वालीही त्यांचीच. विठ्ठल उमप यांचे तसेच. पुढे प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद आले. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने ऐंशीच्या दशकात जो धुमाकूळ घातला, तो आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही विचारावा. त्या गाण्याला नाके मुरडणारे पुष्कळ होते. आमच्या मते शब्द थिल्लर असतील, पण ठेका असा चोख बांधणे येरागबाळ्याचे काम नव्हे. याच लाटेत निव्वळ चावट द्व्यर्थी गाण्यांच्या कॅसेटीही पुष्कळ आल्या आणि विरून गेल्या, हेही सांगितले पाहिजे.

मराठवाड्यात हे आवाज इतके चटकन का रुजले? येथील कान दुहेरी तयार झालेला होता. एका बाजूस कीर्तन-भारूड, दुसऱ्या बाजूस कव्वाली. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. घाटनांदुराहून जवळ असलेल्या अंबाजोगाईचे नाव त्या काळी मोमिनाबाद होते. उरुसात रात्र जागवणारी कव्वाली येथे परकी नव्हती. टाळी, पालुपद, एकाने ओळ टाकायची आणि चौघांनी उचलायची, ही कव्वालीची रीत प्रल्हाद शिंदे यांच्या मराठी गाण्यात जशीच्या तशी आहे, आणि वारकरी भजनातही ओळ उचलण्याची रीत तीच. दोन्ही ओळखी एका गळ्यात भेटल्या.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, ते या भागातील माणसाला सांगावयास नकोत. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत जलसे आणि भीमगीते हीच अनेक वस्त्यांची सभा होती. नभोवाणीवर या गाण्यांना क्वचितच जागा मिळे. कॅसेटीला कोणाची परवानगी लागत नव्हती. रात्री जे फडावर गायले गेले ते समोर टेप ठेवून मुद्रित करावे, आणि सकाळी दुसऱ्या गावच्या पाहुण्याबरोबर धाडावे. ऊसतोडीला कोयता घेऊन निघणाऱ्या टोळ्यांच्या सामानात सेलवर चालणारा टेप असे, आणि त्याबरोबर गाणी थेट कारखान्याच्या तळापर्यंत जात.

येथवर सारी लाभाची बाजू झाली. आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे वळतो.

या काळातील एखादी जुनी कॅसेट हातात घ्या आणि तिच्यावरील कागद वाचा. गायकाचे नाव ठळक असते, कंपनीचे त्याहून ठळक. गाणे लिहिले कोणी, हे पुष्कळदा नसते. असले तर नखाएवढ्या अक्षरांत, आणि भरून घेतलेल्या कॅसेटीवर तर काहीच नसते. कायद्याचे बोट धरून पाहू गेले तर तेथेही निराशा होते. चोरट्या ध्वनिमुद्रणांना आळा घालण्यासाठी १९८४ साली लेखनाधिकार कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने ध्वनिमुद्रणावर तीन गोष्टी छापण्याची सक्ती केली : ते मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्क ज्याच्याकडे आहे त्याचे नाव-पत्ता, आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष. गीतकाराचे नाव या तिहींत नाही. म्हणजे मालाला धनी हवा, शब्दाला नसला तरी चालेल! २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांत व ध्वनिमुद्रणांत वापरलेल्या गीतांच्या लेखकांना व संगीतकारांना स्वामित्वधनातील असा वाटा दिला, की तो कंपनीला लिहून घेता येत नाही. दुरुस्ती उत्तमच, पण ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही, त्याने वा त्याच्या मुलाबाळांनी हा वाटा कशाच्या जोरावर मागावा?

आपल्या परंपरेत मात्र यावर एक उपाय फार पूर्वीपासून आहे. कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात विणून ठेवतो. तिला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांची मुद्रा सर्वांस ठाऊक आहे. अंबाजोगाईचे दासोपंत सोळाव्या-सतराव्या शतकांतले. कापडाच्या भल्या थोरल्या पासोडीवर ग्रंथ लिहिणारे हे सत्पुरुष आपल्या पदांत ‘दिगंबरानुचर’ अशी मुद्रा घालीत. हीच रीत शाहिरांनी घेतली, आणि तीच वामनदादा कर्डकांनी. नाशिक जिल्ह्यातील देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेल्या या लोककवीने हजारो गीते रचली आणि त्यांपैकी कित्येकांच्या अखेरीस ‘वामन’ ठेवून दिला. गाणे कोणीही गावो, कोठेही छापो, न छापो, धनी गाण्याच्या आतच बसलेला असतो. आंबेडकरी गायनातील कितीतरी कवींची ओळख आज केवळ या एका शब्दावर टिकून आहे.

ज्या तबकडीला तीन मिनिटांची घाई, तेथे काट बसे ती बहुधा मागच्या कडव्यांना, म्हणजे नेमकी मुद्रेलाच. कॅसेटीला घाई नव्हती. चिलयाबाळ, श्रावणबाळ यांसारख्या आख्यानांना तर अख्खी बाजू मिळे. म्हणून फडावरच्या त्या भरड, खरखरीत मुद्रणांत गाणे शेवटपर्यंत सापडण्याचा संभव अधिक. जिच्या वेष्टनावर कवी नाही, तिच्याच पोटात तो असावा, ही मोठी गंमत आहे.

पण ते पोट आता झिजत चालले आहे. ही फीत चाळीस वर्षे टिकावी या हिशेबाने केलेलीच नव्हती. गंजाची भुकटी प्लॅस्टिकला धरून ठेवणारा चिकट थर दमट हवेने सैल होतो आणि भुकटी यंत्राच्या डोक्यावर सांडू लागते. पावसाळ्यात पेटीत बुरशी येते. फीत दाबून ठेवणारी नमद्याची चिमुकली गादी निखळून पडते. गुंडाळलेल्या फितीचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर आपली चुंबकी छाप उमटवतो; गाणे सुरू होण्यापूर्वी त्याचीच अंधूक चाहूल ऐकू येते ती यामुळे. आणि ही सांगितली ती केवळ हवेची करणी. कोनाडा साफ करताना जुन्या कॅसेटी उकिरड्यावर जातात, त्याला तर काहीच इलाज नाही.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी पुढीलप्रमाणे करावे. कॅसेट एकदम यंत्रात घालू नये. आधी खिडकीतून पाहून फितीवर पांढरी बुरशी आहे काय ते तपासावे. असल्यास जाणत्याच्या हाती द्यावी. नसल्यास दाताच्या चाकात शिसपेन्सिल घालून दोन-चार फेरे हळूच द्यावे, फीत मोकळी फिरते असे दिसले तरच यंत्राचे डोके स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ती लावावी. पाठीच्या खाचेत कागदाचा बोळा असेल तर तो प्रथम काढून टाकावा, नाहीतर चुकीची कळ दाबून जन्माचे पुसले जावयाचे. संगणकात उतरवून घेताना दोन्ही बाजू पूर्ण उतरवाव्या, मधले बोलणे, खोकणे, ‘आता पुढचे गाणे’ म्हणून कोणी दिलेली हाक, सारे राहू द्यावे. त्यातच पुष्कळदा गावाचे आणि तारखेचे नाव निघते. आणि गाणे ओळखीचे निघाले म्हणून दोन कडव्यांवर यंत्र बंद करू नये. वही-पेन्सिल जवळ ठेवावी, आणि शेवटच्या कडव्यात जे नाव ऐकू येईल ते तेथल्या तेथे लिहून घ्यावे.