आमदाराचा प्रश्न, मंत्र्याचे उत्तर आणि सिन्नरचा दवाखाना

अधिवेशनाच्या बातम्यांत आपल्याला दिसते ती विधानभवनाच्या पायऱ्यांवरची घोषणाबाजी. त्यावरून पुष्कळांचा समज होतो की, आमदार उठतो, तावातावाने काही विचारतो आणि मंत्री तिथल्या तिथे काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. प्रत्यक्षातली रीत बरीच कंटाळवाणी आहे, आणि कामाची आहे ती तीच.

तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी लेखी द्यावा लागतो. अध्यक्षांनी तो स्वीकारला की विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे जातो आणि तिथून पायरी पायरीने खाली उतरतो. विषय नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा असेल, तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मग तालुका आरोग्य अधिकारी. ‘एलएक्यू’ (विधानसभेचा प्रश्न) ‘आलाय’ म्हटले की कार्यालयातल्या बाकीच्या फायली बाजूला सरकतात. माहिती गोळा होते, तिच्यावरून कक्ष अधिकारी उत्तराचा मसुदा करतो, सचिवांच्या टेबलावरून तो मंत्र्यांपर्यंत पोचतो. म्हणजे मुंबईत वाचल्या जाणाऱ्या उत्तराचा पहिला खर्डा सिन्नरमध्येच तयार होतो. ज्या कार्यालयाबद्दल तक्रार, तेच कार्यालय माहिती पुरवते, ही या पद्धतीतली खरी गोम आहे.

यावर उतारा म्हणजे उपप्रश्न. प्रश्नाला तारा मिळतो तो याचसाठी: उत्तर तोंडी येते आणि त्यावर सभागृहात लगेच उलटतपासणी करता येते. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर. तरी अतारांकित म्हणजे दुय्यम, हे काही खरे नाही. गावनिहाय आकडे हवे असतील तर तोच बरा. शिवाय प्रश्नोत्तरांच्या एका तासात यादीतले मोजकेच तारांकित प्रश्न तोंडी चर्चेला येतात. उरलेल्यांची उत्तरे शेवटी लेखीच मिळतात.

आता सगळ्यात जास्त चिडचिड होते त्या उत्तराकडे वळू: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ सरकारने तोंडावर दार आपटले, असा याचा अर्थ घेतला जातो. समजा, एखाद्या आमदाराने प्रश्न असा दिला: ‘(1) सिन्नर तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकाऱ्यांची सर्व पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय, (2) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (3) असल्यास, कोणती कार्यवाही केली, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ तालुक्यात एक जरी डॉक्टर हजर असला, तरी ‘सर्व पदे रिक्त’ हे विधान पडते. उत्तर येते: ‘(1) हे खरे नाही. (2), (3) व (4) प्रश्न उद्भवत नाही.’ एकही शब्द खोटा नाही, आणि रुग्णाच्या हाती काहीही नाही. पुढचे भाग पहिल्या भागाला साखळीसारखे अडकवलेले असतात. पहिली कडी तुटली की सारी साखळी खाली. यात मंत्र्याच्या चलाखीचा वाटा असेल, पण मला मोठा दोष प्रश्न लिहिणाऱ्याचा वाटतो. मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणते पद कोणत्या महिन्यापासून रिकामे, असे विचारले असते तर निदान ‘अंशतः खरे आहे’ एवढे तरी पदरात पडले असते, आणि मग पुढच्या भागांना उत्तर देणे भाग पडले असते.

‘आपला आमदार मंत्री झाला, आता सिन्नरचे प्रश्न सभागृहात गाजणार’ हाही असाच एक समज. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात, तीही आपल्या खात्यापुरती. सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे डिसेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळात गेले आणि कृषिमंत्री झाले. त्यानंतर सिन्नरच्या दवाखान्याबद्दल त्यांच्या नावाने तारांकित प्रश्न लागणे शक्य नव्हते. मंत्र्याला पाठपुराव्याच्या इतर वाटा असतात. पण त्यांची नोंद प्रश्नोत्तरांच्या यादीत होत नाही. म्हणून सिन्नर मुके झाले असेही नाही. विधानसभेच्या 288 सदस्यांपैकी मंत्री नसलेला कोणीही सिन्नरबद्दल विचारू शकतो. भोजापूर धरणाच्या पाण्याचा विषय संगमनेरच्या आमदारालाही जवळचाच. विधान परिषदेत नाशिक विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे प्रतिनिधी आहेत. ही दारे लोक फारशी ठोठावत नाहीत.

दार चुकले तर मात्र खेप वाया जाते. समृद्धी महामार्ग सिन्नर तालुक्यातून जातो. शिर्डी ते भरवीर हा त्याचा टप्पा मे 2023 मध्ये खुला झाला. तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, म्हणून त्याबद्दलचा प्रश्न विधिमंडळात. याच तालुक्यातला नाशिक-पुणे रस्ता राष्ट्रीय महामार्ग, त्याचा जाब संसदेत. बीडी कामगारांचेही तसेच: किमान वेतन ठरवणे राज्याकडे, भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन केंद्राकडे. 2024 पासून नाशिकचे खासदार असलेले राजाभाऊ वाजे सिन्नरचेच आणि इथले माजी आमदार. त्यामुळे इथल्या माणसाला कुणाला काय विचारायचे याचा घोळ सहज होतो.

उत्तर मिळाले म्हणजे काम झाले, असेही नाही. मंत्र्याने सभागृहात ‘चौकशी करू’ म्हटले की ते आश्वासन ठरू शकते, आणि त्याचा माग काढायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. जाणूनबुजून दिशाभूल केली तर विशेषाधिकारभंगाची सूचना देता येते. पण हे सगळे अधिवेशन नीट चालले तरच. सप्टेंबर 2020 मध्ये करोनामुळे अधिवेशन दोन दिवसांत उरकले, तेव्हा प्रश्नोत्तरांचा तास झालाच नाही. स्कॉटलंडच्या संसदेत लेखी प्रश्नाला एरवी दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर देण्याची रीत आहे. आपल्याकडे सगळी गाडी अधिवेशनाच्या तारखांवर चालते.

ही उत्तरे गुप्त नसतात. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत असतात, कुणीही वाचाव्यात. आणि आमदारांकडे नुसते निवेदन नेण्याआधी जिल्हा परिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा: तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून. कायद्याने उत्तराची मुदत 30 दिवस. ते आकडे सहीशिक्क्यानिशी प्रश्नाच्या पहिल्या भागात उतरले, तर त्याच कार्यालयाला पुन्हा ‘हे खरे नाही’ लिहून पाठवणे जड जाते.