अपुरे धनुष्य

तुम्ही उर्दूत ज्याला कमान म्हणता, त्याला मराठीत धनुष्य म्हणतात. (मराठीत कमान दारावर असते!)

१९९१ साली आल्प्स पर्वतातील बर्फात एका माणसाचा देह सापडला. तो माणूस सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा होता. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे, त्याच्याहूनही उंच धनुष्य होते. पण ते अपुरे होते. त्यावर तासल्याच्या खुणा अजून दिसतात. दोरी अडकवायला खाचाही नाहीत.

सर्वांत अवघड काम राहिले होते. धनुष्याचा दांडा मध्ये जाड ठेवून टोकांकडे बारीक करतात. मग तो हळूहळू वाकवून पाहतात. जो अर्धा भाग कमी वाकतो, तो आतल्या अंगाने थोडा तासतात आणि पुन्हा वाकवतात. इथे घाई चालत नाही. तासलेले लाकूड परत जोडता येत नाही. आणि एकाच जागी फार वाकणारे धनुष्य तिथेच मोडते. दोन्ही भाग सारखे वाकू लागले, की दांडा घासून गुळगुळीत करतात. ओल लागू नये म्हणून त्याला तेल किंवा चरबी लावतात.

त्या माणसाच्या भात्यात १४ बाण होते. त्यांतले फक्त २ तयार होते. २००१ साली त्याच्या देहाची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा डाव्या खांद्यात बाणाचे दगडी टोक दिसले. तो बाण दुसऱ्या कोणाचा तरी होता.