साठ वर्षांचा लसावि

शके १८८७ मध्ये, म्हणजे १९६५ च्या पाडव्यानंतरच्या वर्षात जन्मलेल्यांच्या संवत्सराचे नाव विश्वावसु. २०२५ च्या पाडव्याला शके १९४७ लागले आणि पंचांगात तेच नाव पुन्हा आले. संवत्सरांची साठ नावे अशीच फिरत राहतात, म्हणून साठी पूर्ण होण्याला आपल्याकडे मान आहे. या साठीमागे गुरूची चाल आहे. गुरूला आकाशाची एक फेरी पुरी करायला सुमारे १२ वर्षे लागतात आणि शनीला सुमारे ३०. साठ वर्षांत गुरूच्या पाच फेऱ्या होतात, शनीच्या दोन. शाळेच्या भाषेत, १२ आणि ३० यांचा लसावि ६०.

हा लसावि आता कुणी वहीवर काढत नाही. एक्सेलच्या एखाद्या चौकोनात बरोबरचे चिन्ह द्यायचे, पुढे इंग्रजी अक्षरांत एलसीएम लिहायचे, कंसात १२ आणि ३० स्वल्पविराम देऊन टाकायचे आणि एंटर दाबायचे. ६० हजर. दोनच कशाला, एका कंसात २५५ संख्यासुद्धा चालतात.

हातानेही हे काही अवघड नाही. ३० ला १२ ने भागा, बाकी ६. आता १२ ला ६ ने भागा, बाकी शून्य. म्हणजे मसावि ६. दोन संख्यांच्या गुणाकाराला मसाविने भागले की लसावि मिळतो: ३६० भागिले ६, उत्तर ६०. ही रीत युक्लिडच्या ग्रंथात आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची. आर्यभटाने ४९९ मध्ये सांगितलेले कुट्टकाचे गणितही अशाच, बाकीने पुन्हा पुन्हा भागत जाण्यावर उभे आहे.

१२ आणि ३० हे मात्र ढोबळ आकडे झाले. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची, शनीची २९.४६ वर्षांची. हे नेमके आकडे त्याच कंसात घालून पाहा. उत्तर येते ३१९.

हे ३१९ आले कुठून? एलसीएम हे फंक्शन अपूर्णांक घेत नाही, आणि घेत नाही असे सांगतही नाही. दशांशचिन्हापुढचे सगळे ते मुकाट्याने छाटून टाकते. ११.८६ चे ११ झाले, २९.४६ चे २९ झाले. दोन्ही मूळ संख्या, म्हणून त्यांचा गुणाकार ३१९. पडद्यावर लाल खूण नाही, इशारा नाही. चुकीचे उत्तर बरोबर उत्तराइतक्याच ठळक अक्षरांत उभे राहते, आणि मला हीच गोष्ट धोक्याची वाटते.

यावर उपाय आहे. दोन्ही आकडे शंभराने गुणून ११८६ आणि २९४६ करा, लसावि काढा, मग शंभराने भागा. आता उत्तर १७,४६९.७८ वर्षे. गणित चोख आहे. पण तिसरा दशांशही घेतला, ११.८६२ आणि २९.४५७ असे आकडे धरले, तर तेच उत्तर ३८,८२४ वर्षांच्या पुढे जाते. मोजमाप थोडे बारीक केले आणि भेट एकवीस हजार वर्षांनी लांबली! याचा अर्थ एकच: मापलेल्या गोष्टींना लसावि नसतो, तो मोजलेल्या गोष्टींना असतो. ग्रहांच्या बाबतीत विचारायला हवे ते ‘जवळपास कधी जुळते’ हे. गुरूच्या पाच फेऱ्या ५९.३ वर्षांच्या, शनीच्या दोन ५८.९२ वर्षांच्या. अंतर साडेचार महिन्यांचे. गुरू आणि शनी दर वीस वर्षांनी एकत्र येतात, आणि दर तिसरी भेट आकाशाच्या जवळपास त्याच भागात होते. फेब्रुवारी १९६१ मध्ये झाली, तशी २१ डिसेंबर २०२० रोजी झाली. त्या संध्याकाळी दोघांत अंशाच्या दहाव्या भागाएवढेच अंतर होते.

मोजलेल्या वर्षांचे उदाहरण हवे असेल तर ते अमेरिकेतल्या जंगलात आहे. तिथल्या सिकाडा या किड्यांची काही कुळे १३ वर्षे जमिनीखाली राहून मग बाहेर येतात, काही १७ वर्षे. १३ आणि १७ यांचा लसावि २२१. त्यातली ठरावीक दोन कुळे १८०३ मध्ये एकाच वर्षी वर आली होती. नंतर आली ती २०२४ मध्ये. आता २२४५.

मोठ्या संख्यांपुढे मात्र एक्सेल थांबते, आणि इथे ते स्पष्ट सांगते. १ ते ४० या सगळ्या संख्यांचा लसावि ५,३४,२९,३१,४५,७०,६३,२०० हा ते देते. ४१ वा आकडा घातला की उत्तर त्याच्या मर्यादेबाहेर, म्हणजे दोनाच्या ५३ व्या घातापलीकडे जाते आणि चौकोनात चूक दाखवणारी खूण येते.

लहान आकड्यांची राखण आपल्यालाच करावी लागते. लसावि काढलात की शेजारच्या चौकोनांत त्याला कंसात दिलेल्या संख्यांनी भागून पाहा. ६० ला १२ ने भागले तर ५, ३० ने भागले तर २. ३१९ ला ११.८६ ने भागले तर २६.९ च्या आसपास. भागाकार पूर्ण आला नाही, तर ते उत्तर पुढे वापरू नका.