मीटर बंद, पण वही चालू!

"गाडी पळते ना? मग मीटरचे काय एवढे घेऊन बसलात?" असे मंडळाच्या बैठकीत एका सभासदाने आम्हाला विचारले. प्रश्न वरवर बरोबर होता. मीटर बंद पडले म्हणून गाडी थांबत नाही. पण ज्या मीटरच्या आकड्यावरून आपण एका माणसाचा प्रामाणिकपणा तोलतो, ते मीटर तरी खरे सांगते का, हे पाहायला नको? वाचक बंधू-भगिनींनो, ही हकिगत सांगण्याचे कारण एवढेच. तीत आमचीही चूक आहे. ती आम्ही झाकणार नाही.

आमच्या मंडळाकडे जीपच्या सांगाड्यावर बांधलेली एक जुनी पिकअप आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलिस जीपची जुळणी महिंद्र कंपनीने सुरू केली, त्या घराण्यातली ही गाडी. चारही चाकांना जोर मिळणारी. मूळचे इंजिन केव्हाच गेले, त्या जागी डिझेल इंजिन बसले. मीटर मात्र जुनेच, मैल दाखवणारे. उन्हाळ्यात पाण्याची टाकी, जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांचे गठ्ठे, कार्यक्रमाच्या सतरंज्या, एखाद्या रात्री वस्तीतला आजारी माणूस, असे सगळे या गाडीने वाहिले. ती अठरा वर्षे चालवली ती आमच्या मामांनी. सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणते. आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम.; म्हणून गाडीचे लॉगबुक आणि डिझेलचा हिशेब आमच्या गळ्यात.

दोन वर्षांपूर्वी गाडीचे टायर बदलले. त्याच वेळी एका गॅरेजात खालचे ऑईल सीलचे कामही करून घेतले. त्यानंतर आमच्या वहीत एक गोष्ट दिसू लागली. पूर्वी लिटरला १० किलोमीटर पडत होते, ते ८.८ पडू लागले. मंडळात कुजबुज सुरू झाली. डिझेल कुठे जाते? मामा म्हणाले, "भाऊ, गाडी पूर्वीइतकंच खाते. मीटरच कमी पळतंय." आम्ही वहीवर बोट ठेवून म्हणालो, "मामा, आकडा खोटं बोलत नाही." मामांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते उठून गेले.

पुढे सहा महिन्यांनी मीटर साफ बंद पडले. काटा हलेना, मैलाचे आकडेही सरकेनात. नवा चालवणारा मुलगा अंदाजाने मैल लिहू लागला आणि आम्ही त्या अंदाजाची बेरीज करू लागलो! त्यातच गाडीची फिटनेस तपासणी जवळ आली. तिथे वेगमापक चालू आहे की नाही हेही पाहतात. शेवटी एका रविवारी आम्ही वस्तीतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावले आणि शेजारी वही घेऊन बसलो.

मिस्त्रींनी आधी दुखणे कुठे आहे ते शोधले. काटा बंद पण आकडे चालू असतील, तर दोष डायलमध्ये. दोन्ही बंद असतील, तर बहुधा केबलमध्ये किंवा खालच्या गिअरमध्ये. वरून केबल सोडवली. आतल्या तारेचे टोक डायलच्या मागे धरून हाताने फिरवायला सुरुवात केली. आमची अकरावीतली मुलगी फेरे मोजत होती. या मीटरला मैलाला १००० फेरे लागतात. १०० फेरे होताच शेवटचा आकडा एक घर सरकला. म्हणजे डायल धड होते.

डायलच्या आत केबलमुळे एक चुंबक फिरते. त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकाला चिकटलेली नसते. चुंबक फिरले की वाटीत विजेचा प्रवाह उठतो आणि वाटी ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग. या रचनेचे पेटंट १९०२ साली जर्मनीतील ओट्टो शुल्झे यांनी घेतले होते. मैलांचे आकडे मात्र साध्या दातेरी चाकांवर सरकतात. ते फक्त फेरे मोजतात. खालून जेवढे फेरे येतील तेवढेच.

आता खालचे टोक. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि मागची दोन्ही चाके उचलून घोड्यांवर टेकवली. इथे एक सावधगिरी. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागची चाके उचलली की त्याचा आधार संपला. म्हणून दगडाशिवाय गाडीखाली जाऊ नये. गिअर न्यूट्रल केला, पुढच्या चाकांचा जोर काढला आणि शाफ्ट हाताने फिरवला. तार फिरली नाही. ट्रान्सफर केसच्या मागच्या टोपणातून छोटा गिअर बाहेर काढला, तर त्याचे तीन दाते तुटलेले! केबल ओढून पाहिली, ती गंजून आवरणात घट्ट झालेली. तार अडली, शाफ्ट फिरतच राहिला. मधल्या गिअरचे दाते गेले.

"नुसता गिअर बदलला असता तर तोही महिन्यात तुटला असता," मिस्त्री म्हणाले. त्यांनी टॉर्च लावून आतला मोठ्या शाफ्टवरचा गिअर पाहिला, तो शाबूत होता. तो काढायचा झाला तर हँडब्रेकचा ड्रम उतरवावा लागतो. ते काम वाचले. तुटलेले तुकडे राहू नयेत म्हणून ऑईल काढून बदलले. मग तुटक्या गिअरचे दाते मोजून ते एकदम म्हणाले, "याला सोळाचं कुणी बसवलं?"

तिथे आम्ही वही उघडली. टायरवर खडूची खूण केली, गाडी दहा फेरे ढकलली आणि टेपने अंतर मोजले. २४ मीटर ६० सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्याला २.४६ मीटर. मैलाचे मीटर १६०९. चाकाचे फेरे ६५४. मागच्या डिफरन्शियलचे दाते ४३ आणि ८, म्हणून शाफ्टचे फेरे त्याच्या ५.३७५ पट, सुमारे ३५१५. शाफ्टवरच्या गिअरला ४ दाते, छोट्याला १६. ३५१५ गुणिले ४ भागिले १६, उत्तर ८७९. पाहिजेत १०००, मिळत होते ८७९! शंभर मैल गाडी पळाली की मीटर अठ्ठ्याऐंशीच दाखवत होते. टायर मोठे बसले होते आणि गॅरेजवाल्याने हाताला लागला तो गिअर घातला होता.

वहीतला ८.८ आम्ही ०.८७९ ने भागला. उत्तर आले १०. अगदी पूर्वीइतके. आमच्या हातातले पेन थांबले. आकडा खोटे बोलला नव्हता. चुकीच्या गिअरचा आकडा आम्ही माणसावर लावला होता.

१४ दात्यांचा, त्याच जातीचा गिअर पुण्याच्या नाना पेठेत मिळाला. त्याने हिशेब १००४ येतो. नवी केबल टाकताना तारेच्या खालच्या भागाला हलके ग्रीस लावले, वरचा वीतभर भाग कोरडा ठेवला. नाहीतर ग्रीस चढून डायल बिघडवते. केबल सायलेन्सरच्या पाईपपासून दूर आणि कुठेही एकदम न मुरडता बसवली.

मग आम्ही मामांच्या घरी गेलो. वही पुढे ठेवली, तांबड्या शाईने केलेली दुरुस्ती दाखवली आणि माफी मागितली. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, भाऊ." आणि थोड्या वेळाने, "केबलला वंगण घातलं ना?"

दुसऱ्या दिवशी मामाच स्टीअरिंगवर बसले. हायवेवरच्या दगडांप्रमाणे १६ किलोमीटर गाडी नेली. मीटरवर दहा मैलांना किंचित कमी पडले. हिशेब जुळला. पुढच्या बैठकीत ही सगळी हकिगत इतिवृत्तात लिहून घेतली. मामांवरचा संशय चुकीचा होता, हे वाक्यही तारखेसह त्यात आहे.

आपल्या प्रत्येक संस्थेत, पतपेढीत, मंडळात अशी वही असते आणि कुणाच्या तरी हातात पेन असते. पेनवाल्यांना आमची एकच विनंती. आकडा कमी दिसला तर माणसावर बोट ठेवण्याआधी तो ज्या मापाने आला ते माप तपासा. माणूस काही सांगत असेल तर ते ऐकून घ्या. आमचे मीटर एका रविवारात दुरुस्त झाले. मामांचे ते सहा महिने मात्र आम्हाला परत देता आले नाहीत.