भीती एकाची, दुखापत दुसऱ्याची

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरकडे निघालेले सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ जातीचे विमान ब्रह्मदेशाच्या दक्षिण भागावरून ३७ हजार फूट उंचीवर चालले असताना एकाएकी प्रचंड हेलकावे खाऊ लागले. विमानात २११ प्रवासी आणि १८ कर्मचारी होते. न्याहारी देण्याचे काम चालू होते. वैमानिकांनी विमान बँकॉकला उतरविले तेव्हा ७३ वर्षांचा एक ब्रिटिश प्रवासी मरण पावलेला होता, बहुधा हृदयविकाराने, आणि अनेकजण जबर जखमी झालेले होते. त्यांपैकी एकट्या एका रुग्णालयात मणक्याला किंवा मज्जारज्जूला इजा झालेले २२ रुग्ण दाखल झाले. 'विमान सहा हजार फूट कोसळले' असे मथळे जगभर झळकले.

आठ दिवसांनी तपास अधिकाऱ्यांचा प्राथमिक अहवाल आला. विमान कोसळले होते ते १७८ फूट, आणि तेही ४.६ सेकंदांत. सहा हजार फुटांचा तो प्रसिद्ध उतार पुढे वैमानिकांनी स्वतःहून, ठरवून, शांतपणे घेतलेला होता. म्हणजे ज्या आकड्याने वाचकांच्या पोटात गोळा आला, त्या आकड्याने कोणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. घात झाला तो ०.६ सेकंदात. तेवढ्या अवधीत विमानाला खालच्या दिशेने असा हिसका बसला की पट्टा न बांधलेल्या माणसांचे वजन जणू उलटे झाले. 'माणसे उडून छतावर आदळली' असे वर्णन अशा वेळी केले जाते. वस्तुतः माणूस आपल्या जागीच असतो. छतच खाली येऊन त्याच्या मस्तकावर आदळते. त्यानंतरच्या चार सेकंदांत उलट हिसका बसला आणि अधांतरी असलेली माणसे खाली आपटली. पट्टा बांधण्याची सूचना त्यापूर्वी जेमतेम आठ सेकंद दिली गेली होती. आठ सेकंदांत खुर्चीतल्या माणसाला पट्टा सापडतो. हातात किटली घेऊन मधल्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाने काय करावे?

विमानप्रवासाच्या भीतीविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु ही भीती कोणाला वाटते आणि दुखापत कोणाला होते, हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवून क्वचितच पाहिले जातात.

आधी ज्या गोष्टीची भीती वाटते ती पाहू. आपल्याकडे 'हवेतला खड्डा' किंवा 'एअर पॉकेट' असा शब्द रूढ आहे, आणि त्या शब्दाने बरेच नुकसान केले आहे. हवेत पोकळी वगैरे काही नसते. असतात ते कमीअधिक वेगाचे, वर चढणारे आणि खाली उतरणारे प्रवाह. गडगडाटी ढगांत ते असतात, डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला असतात आणि फार उंचीवरून नदीसारख्या वाहणाऱ्या वेगवान झोतांच्या काठावरही असतात. यांतील शेवटचा प्रकार सर्वांत दगाबाज, कारण तो निरभ्र आकाशात भेटतो. विमानाच्या नाकात बसविलेल्या रडारला पाण्याचे थेंब दिसतात. कोरड्या हवेची खळबळ त्याला दिसत नाही.

या खळबळीत विमान मोडून पडेल काय? खिडकीतून पंख लवताना पाहणाऱ्या प्रवाशाच्या मनात हाच प्रश्न असतो. याचे प्रामाणिक उत्तर असे की एकेकाळी असे घडलेले आहे. ५ मार्च १९६६ रोजी जपानच्या फुजी पर्वताजवळ ब्रिटिश कंपनीचे बोइंग ७०७ विमान पर्वतावरून उसळणाऱ्या वाऱ्यात सापडून हवेतच मोडले आणि १२४ जण मृत्युमुखी पडले. परंतु तो काळ मागे पडला. बोइंग ७७७ च्या पंखांची १९९५ च्या जानेवारीत परीक्षा झाली तेव्हा, प्रत्यक्ष सेवेत जास्तीत जास्त जेवढा भार येईल असे धरले होते त्याच्या दीडपटीहून अधिक भार येईपर्यंत पंख मोडले नाहीत. मोडण्यापूर्वी पंखाचे टोक सुमारे २४ फूट वर वाकले होते. पंख लवतो म्हणूनच तो टिकतो. तेव्हा प्रवाशाला ज्या गोष्टीचे भय वाटते ती गोष्ट आता जवळजवळ घडत नाही, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

तरीही भीती जात नाही. आणि ती बाळगणाऱ्याला भित्रा म्हणून हिणविणेही बरोबर नाही. डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच दाखवून दिले की एखादी घटना कितीदा घडते याचा अंदाज माणूस मोजदादीने करीत नाही. तशी उदाहरणे किती चटकन आठवतात, यावरून करतो. पुढे २००२ मध्ये काहनेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते ह्याच दिशेच्या कामाबद्दल. अमेरिकेतील एका पाहणीत विमाप्रवाशांच्या विम्याविषयी लोकांना विचारण्यात आले. केवळ दहशतवादी कृत्याने मृत्यू आल्यास भरपाई देणाऱ्या विम्यासाठी लोक सरासरी १४ डॉलर द्यावयास तयार होते. कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास भरपाई देणाऱ्या विम्यासाठी मात्र १२. भाग संपूर्णाहून मोठा! किराणा दुकानात असा व्यवहार कोणी करणार नाही; पण भीतीच्या बाजारात तो नित्याचा आहे.

आपल्या समोरचेच उदाहरण घ्यावयाचे तर २०२५ च्या जूनमधील एका आठवड्याचे घेता येईल. १२ जूनला अहमदाबादेत विमान कोसळले आणि विमानातील व जमिनीवरील मिळून २६० माणसे गेली. त्यानंतर कित्येकांनी विमानप्रवासाचा धसका घेतला. त्यातून वाचलेल्या एकमेव प्रवाशाच्या आसनक्रमांकाला मागणी आल्याच्याही बातम्या आल्या. याच्या तीनच दिवस आधी, ९ जूनला, मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून पडून काही प्रवासी मृत्युमुखी पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मार्गावरच्या गाड्या तशाच भरून गेल्या. लोकलने जाण्याची भीती वाटून घेणे परवडत नाही, हे तर झालेच. शिवाय दारात लटकणाऱ्याच्या हातात निदान दांडा असतो. विमानातल्या प्रवाशाच्या हातात काहीच नसते. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे दिवसाला साडेचारशेहून अधिक. आणि तरीही स्वतः चाक धरून पुणे-सातारा रस्त्याने जाणारा गृहस्थ निर्धास्त असतो.

अशी भीती निरुपद्रवी असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. पण भीतीलाही किंमत असते आणि ती कोणीतरी मोजतेच. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर असंख्य अमेरिकनांनी विमान टाळून मोटारीने जाणे पसंत केले. बर्लिनच्या गेर्ड गिगेरेंझर यांनी हिशेब मांडून असा अंदाज काढला की त्यापुढील वर्षभरात या बदलामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसे अधिक मेली. त्या चार विमानांतील बळींची संख्या २४६ होती. हाच धागा एका वेगळ्या वादातही दिसतो. दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर घेऊन विमानात बसता येते, वेगळ्या आसनाचे तिकीट काढावे लागत नाही. जोराचा हिसका बसला तर आईचे हात त्या मुलाला धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून त्याला स्वतंत्र आसन सक्तीचे करावे, असा अमेरिकेतील अपघात तपास मंडळाचा आग्रह आहे. तेथील हवाई प्रशासनाने २००५ मध्ये ही सक्ती नाकारली. युक्तिवाद असा, की जादा तिकिटाचा भुर्दंड पडला तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक मुले दगावतील. हा युक्तिवाद निर्दय वाटतो, पण तो खोटा आहे असे सिद्ध करणे सोपे नाही.

ही भरपाई रस्त्यावर होते. जी विमानातच होते, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाच्या नोंदींप्रमाणे २००९ ते २०२२ या काळात तेथील विमानांत हवेतील खळबळीमुळे १६३ माणसे गंभीर जखमी झाली. त्यांपैकी प्रवासी ३४ आणि कर्मचारी १२९. विमानात शंभर-दोनशे प्रवाशांमागे कर्मचारी चार-सहाच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रमाणाचा खरा अर्थ कळतो. आयुष्यात दोन-चारदा विमानात बसणारा प्रवासी खुर्चीचे हात घट्ट धरून देवाचे नाव घेत असतो. आणि ज्याचा घोटा मोडतो, पाठ मोडते, तो माणूस त्याच्या शेजारी उभा राहून त्याला चहा देत असतो.

या नोकरीत स्त्रियांचा प्रवेशच मुळी प्रवाशाच्या भीतीतून झाला आहे. १९३० साली एलन चर्च या परिचारिकेने एका अमेरिकन विमान कंपनीला असे सुचविले की विमानात तरुण परिचारिका नेमल्या तर लोकांची भीती कमी होईल. एक मुलगी न घाबरता विमानात हिंडते आहे म्हटल्यावर पुरुषांना घाबरण्याची लाज वाटेल. कंपनीला ते पटले आणि त्याच वर्षी आठ परिचारिका कामावर रुजू झाल्या. मराठीने तर त्यांना 'हवाई सुंदरी' हे नाव देऊन टाकले. या नावात कामाचा उल्लेख नाही, जोखमीचा तर नाहीच. विमानातील सेवकवर्ग कायद्याने असतो तो सुरक्षिततेसाठी. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र तो असतो हसण्यासाठी आणि वाढण्यासाठी. विमान हलू लागले की प्रवासी खिडकीकडे पाहत नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहतो. ती हसते आहे तोवर सारे ठीक आहे, असा त्याचा हिशेब. तिने गाडी सोडून, खुर्ची उलगडून, खांद्यावरचे पट्टे बांधून बसावे हे खरे तर सर्वांच्या हिताचे. पण ती बसली की प्रवासी घाबरतो आणि चहा आला नाही की चिडतो. स्पर्धा तीव्र असलेल्या धंद्यात कोणती कंपनी या दोहोंची पर्वा करणार नाही?

याच्याच जोडीला पट्ट्याच्या सूचनेचे झालेले अवमूल्यन आहे. काही वैमानिक सावधगिरी म्हणून तो दिवा तासन्‌तास लावून ठेवतात. चलनात नोटा भरमसाट आल्या की नोटेची किंमत उतरते, तसेच सूचनेचे होते. प्रवासी त्या दिव्याखालूनच प्रसाधनगृहाकडे जातो, आणि खरा धोका येतो तेव्हा वैमानिकापाशी त्याहून मोठे नाणे उरलेले नसते.

पुढचे दिवस सोपे नाहीत. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की उत्तर अटलांटिकवरील एखाद्या सर्वसाधारण ठिकाणी वर्षभरात तीव्र खळबळीचे तास १९७९ मध्ये १७.७ होते, ते २०२० मध्ये २७.४ झाले. ही वाढ ५५ टक्क्यांची आहे, आणि तीही निरभ्र आकाशातील खळबळीची. वातावरण तापल्याने वरच्या झोतांतील वेगांचा फरक वाढतो, असे त्याचे कारण दिले जाते. आपल्याकडे ढगांचीच ददात नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले विमान उतरता उतरता वादळात सापडले आणि दहा-पंधरा प्रवाशांसह काही कर्मचारी जखमी झाले. बंगालवर कालबैसाखी घोंगावण्याचे ते दिवस. सिंगापूरच्या विमानाला अपघात झाला त्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २१ मे २०२५ ला, दिल्लीहून श्रीनगरला निघालेले विमान गारपिटीत सापडले. वैमानिकांनी डावीकडे, सीमेच्या बाजूने वळसा घेण्याची परवानगी मागितली; ती आपल्या हवाई दलाच्या नियंत्रण कक्षाकडून मिळाली नाही. लाहोरकडे मागितली, तिथेही नकार आला. पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी एकमेकांना आकाश बंद केले होते. विमान ढगातूनच गेले, नाक फुटले, आणि दोनशेहून अधिक माणसे सुखरूप उतरली. ढगाला सीमा नसते, वळशाला असते.

अशा विमानाला उपाय फारसा महाग लागत नाही, हे या साऱ्यातले विशेष. बसलेल्या माणसाने दिवा असो वा नसो, पट्टा सैलसर का होईना बांधून ठेवावा, आणि उभ्या माणसाला वेळेवर बसू द्यावे. २०२४ च्या अपघातानंतर सिंगापूरच्या कंपनीने दिवा लागताच गरम पेये आणि जेवण वाढणे थांबवून सेवकांनाही बसविण्याचा नियम केला. कोरियन एअरने उतरण्यापूर्वी २० मिनिटांऐवजी ४० मिनिटे आधी सेवा आटोपण्याचे ठरविले आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून साध्या वर्गातील प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या गरम नूडल्सही बंद केल्या. दाटीवाटीच्या आसनांमधून उकळत्या पाण्याचे अनेक पेले एकदम नेताना भाजण्याचा धोका आहे, असे कारण कंपनीने दिले. प्रवाशांना ते फारसे रुचले नाही. वरच्या वर्गांच्या नूडल्स मात्र तेव्हा चालूच ठेवण्यात आल्या.